लुईस लेलुआर आणि साखर बांधणारी एन्झाइम्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली अनेक वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवते. माझ्या वर्गात निम्मी मुलं ऊसपट्ट्यातली असतात. फळ्यावर ‘यूडीपी-ग्लुकोज’ (ग्लुकोज वाहून नेणारा एक रेणू) लिहिलं की त्यांचे चेहरे कोरे होतात, कारण पुस्तकात तो एक बाण असतो आणि बाणाच्या डोक्यावर एक संक्षेप. त्या बाणामागे एक माणूस आहे, त्याचे चार-पाच सहकारी आहेत आणि ब्वेनोस आइरेसमधलं एक जुनं, गळकं घर आहे. हे सांगितलं की मुलं प्रश्न विचारू लागतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती थोडक्यात सांगता येत नाहीत.

लेलुआर कोण होते?

लुईस फेदेरिको लेलुआर हे अर्जेंटिनाचे बायोकेमिस्ट. जन्म ६ सप्टेंबर १९०६, मृत्यू २ डिसेंबर १९८७. पेशी साध्या साखरेपासून मोठी कर्बोदकं कशी बांधते, हे त्यांच्या गटाने दाखवलं. शर्करा-न्यूक्लिओटाइडांच्या, म्हणजे न्यूक्लिओटाइड नावाच्या छोट्या रेणूला साखर जोडून बनणाऱ्या द्रव्यांच्या, शोधासाठी आणि कर्बोदकांच्या जडणघडणीतली त्यांची भूमिका उलगडल्याबद्दल त्यांना १९७० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लॅटिन अमेरिकेत ते रसायनशास्त्रातलं पहिलंच.

एन्झाइम म्हणायचं की विकर?

दोन्ही बरोबर. पेशीतली एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, एवढाच अर्थ. शालेय पुस्तकात ‘विकर’ आहे, बोलताना आपण सगळे ‘एन्झाइम’ म्हणतो. मी इथे बोलीतलाच शब्द ठेवला आहे.

जन्म पॅरिसचा, मग ते अर्जेंटिनाचे कसे?

वडिलांच्या उपचारांसाठी आईवडील पॅरिसला गेले होते. वडील तिथेच वारले आणि त्यानंतर काही दिवसांतच लुईसचा जन्म झाला. मूल दोन वर्षांचं झाल्यावर कुटुंब ब्वेनोस आइरेसला परतलं. घर मोठ्या जमीनदारांचं होतं, पाम्पाच्या गवताळ पट्ट्यात त्यांच्या विस्तीर्ण जमिनी होत्या. हे मी मुद्दाम सांगते. पोटापाण्याची चिंता नसल्यामुळे त्यांना आयुष्यभर हवं ते संशोधन करता आलं. ज्याला महिन्याच्या पगारावर घर चालवायचं असतं त्याची गोष्ट वेगळी, आणि ‘त्यांनी केलं, तुम्ही का नाही’ असं विद्यार्थ्यांना ऐकवणं मला न्यायाचं वाटत नाही.

ते डॉक्टर होते ना? मग दवाखाना सोडून प्रयोगशाळेत कसे गेले?

१९३२ साली ते ब्वेनोस आइरेस विद्यापीठातून डॉक्टर झाले. शरीररचनाशास्त्राची परीक्षा पास व्हायला त्यांना चार वेळा बसावं लागलं होतं, ही गोष्ट अर्जेंटिनात सगळ्यांना ठाऊक आहे. काही काळ त्यांनी रुग्णालयात काम केलं, पण तेव्हाच्या वैद्यकाच्या हातात उपचार फार थोडे होते. प्रतिजैविकं नव्हती, बहुतेक आजारांत रुग्णाकडे बघत बसण्यापलीकडे काही करता येत नसे. लेलुआर यांचं मन तिथे रमलं नाही.

मग ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेर्नार्दो उसाय यांच्याकडे गेले. मधुमेह आणि पिट्युइटरी ग्रंथी यांच्या नात्यावर उसाय काम करत होते. लेलुआर यांना विषय मिळाला तो अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रीनल) ग्रंथी आणि कर्बोदकांचा चयापचय. १९३४ साली प्रबंध पूर्ण झाला आणि विद्यापीठाने तो उत्कृष्ट ठरवला. कर्बोदकं त्यांच्या आयुष्यात आली ती अशी, गुरूंच्या हातून.

केंब्रिजला ते काय शिकले?

१९३६ साली ते केंब्रिजमध्ये फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांच्या विभागात गेले. पेशी फोडायची, तिचा अर्क करायचा आणि त्यात एकेक एन्झाइम वेगळं काढून त्याचं काम मोजायचं, ही शिस्त त्यांना तिथे लागली.

याच विभागाचं मराठी माणसाशी जवळचं नातं आहे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, याच सुमारास हॉपकिन्स यांच्या केंब्रिजमध्ये वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी या श्वसनाशी निगडित प्रथिनावर काम करत होत्या. १९३९ साली त्यांना तिथली पीएच.डी. मिळाली. ब्वेनोस आइरेसचा मुलगा आणि आपल्याकडची मुलगी एकाच गुरुकुलात तयार झाले, हे वर्गात सांगताना मला दर वेळी आनंद होतो.

१९४३ मध्ये त्यांना देश का सोडावा लागला?

त्या वर्षी अर्जेंटिनात लष्करी सत्ता आली. लोकशाहीची मागणी करणाऱ्या जाहीर पत्रकावर उसाय यांनी सही केली आणि सरकारने त्यांना विद्यापीठातून काढून टाकलं. त्यांच्यामागोमाग अनेकांनी जागा सोडल्या, लेलुआर त्यांच्यापैकीच एक. त्याच वर्षी अमेलिया झुबेरब्यूलर यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि दोघं अमेरिकेला गेले.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या प्रयोगशाळेत ते काही महिने होते, नंतर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड ग्रीन यांच्याकडे. कोरींची ती प्रयोगशाळा लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे. त्या एका जागी काम केलेल्यांपैकी ओचोआ, कॉर्नबर्ग, लेलुआर, सदरलंड, द द्यूव्ह आणि एडविन क्रेब्स या सहा जणांना पुढे नोबेल मिळालं. खुद्द कोरी दांपत्य त्यात धरलेलं नाही.

१९४५ साली लेलुआर परत आले.

कॅम्पोमार संस्था म्हणजे काय?

हाइमे कॅम्पोमार या कापड उद्योजकांनी जीवरसायनाच्या संशोधनासाठी पैसे द्यायची तयारी दाखवली आणि उसाय यांच्या सल्ल्याने सूत्रं लेलुआर यांच्याकडे आली. नोव्हेंबर १९४७ मध्ये पालेर्मो भागात हुलियान आल्वारेस रस्त्यावरच्या एका जुन्या छोट्या घरात संस्था सुरू झाली. शेजारीच उसाय यांची खासगी संस्था होती. रान्वेल कापुत्तो, कार्लोस कार्दिनी, राउल त्रुको आणि आलेहान्द्रो पालादिनी ही सुरुवातीची मंडळी. योगायोग असा की उसाय आणि कोरी दांपत्य यांना मिळून वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं ते याच वर्षी.

साधनं नव्हती म्हणतात, ते कितपत खरं?

खरं आहे. घराचं छप्पर गळायचं, आणि ग्रंथालयातली नियतकालिकं भिजू नयेत म्हणून लेलुआर यांनी पुठ्ठ्याच्या पन्हळी करून लावल्या होत्या. त्याआधी, मुन्योस या सहकाऱ्याबरोबर चरबीच्या विघटनावर काम करताना, थंड राहणारं सेंट्रिफ्यूज हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. तेव्हा टायरच्या ट्यूबमध्ये बर्फ आणि मीठ भरून ती यंत्राभोवती गुंडाळली गेली. त्यांचा राखाडी डगला आणि मोडकी, दोरीने बांधून उभी ठेवलेली गवताच्या विणीची खुर्ची तर छायाचित्रांमुळे प्रसिद्धच झाली.

पण या गोष्टींचं कौतुक करताना एक विसरू नये. ते महागडं यंत्र टाळत नव्हते, प्रश्न असा निवडत होते की त्याचं उत्तर हाताशी असलेल्या साधनांत मिळावं. यीस्ट, उकळतं पाणी, कागदी क्रोमॅटोग्राफी, एक स्पेक्ट्रोफोटोमीटर. बाकी विचार.

मूळ शोध नेमका कसा लागला?

इथे जरा सावकाश जाऊया, कारण हा भाग पुस्तकात नसतो.

सुरुवात दुधापासून झाली. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांची जोडी. स्तनग्रंथी ही जोडी कशी जुळवते, हा प्रश्न कापुत्तो घेऊन आले होते. ग्रंथीच्या अर्कात लॅक्टोज तयार होतं असं त्यांना आधी वाटलं होतं, पण प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर ते टिकलं नाही. जुळणी दिसत नाही म्हटल्यावर गटाने उलट्या टोकाने सुरुवात केली. लॅक्टोजवर वाढणारं एक यीस्ट असतं, सॅकरोमायसिस फ्रॅजिलिस. ते लॅक्टोज आणि गॅलॅक्टोज कसं मोडतं, हे तरी पाहू, असं ठरलं.

पहिली पायरी लवकर सापडली. एक एन्झाइम गॅलॅक्टोजला फॉस्फेट जोडतं आणि गॅलॅक्टोज-१-फॉस्फेट होतं. पुढे त्याचं ग्लुकोज-६-फॉस्फेट व्हायला हवं, म्हणजे ते ग्लुकोज मोडायच्या रोजच्या वाटेला लागेल. यीस्टच्या अर्कात ते होत होतं. पण एन्झाइम थोडं शुद्ध केलं की काम थांबायचं. त्यात उकळून गाळलेला अर्क चमचाभर परत घातला की पुन्हा सुरू व्हायचं. उकळल्यावर प्रथिन टिकत नाही, म्हणजे अर्कात काहीतरी लहान, उष्णता सोसणारं द्रव्य होतं आणि त्याच्यावाचून एन्झाइम चालत नव्हतं.

त्या द्रव्याचा माग काढताना ते एक नसून दोन आहेत असं निघालं. पहिलं ग्लुकोज-१,६-डायफॉस्फेट. ग्लुकोज-१-फॉस्फेटचं ग्लुकोज-६-फॉस्फेट करणाऱ्या एन्झाइमला ते लागतं. एवढा शोधही एखाद्याला आयुष्यभर पुरला असता. दुसरं द्रव्य अतिनील प्रकाश २६० नॅनोमीटरच्या आसपास शोषत होतं. म्हणजे न्यूक्लिओटाइडचं काहीतरी होतं. तेव्हा न्यूक्लिओटाइड म्हटलं की सगळ्यांना एटीपीतलं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतलं) अ‍ॅडेनिन आठवे. पण आलेख अ‍ॅडेनिनशी जुळेना. जुळला तो युरिडिनशी. युरिडिन, दोन फॉस्फेट आणि त्यांना अडकलेलं ग्लुकोज : युरिडिन डायफॉस्फेट ग्लुकोज, म्हणजेच यूडीपी-ग्लुकोज. साल १९५०.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती दुसऱ्या द्रव्याची गोष्ट. पहिलं सापडल्यावर थांबता आलं असतं. पण हिशोब पुरता जुळत नव्हता आणि त्यांनी तो तसा सोडला नाही.

गॅलॅक्टोजचं ग्लुकोज होतं म्हणजे काय होतं?

दोन्ही साखरांत अणू तेच आणि तेवढेच. फरक फक्त चौथ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेचा : ग्लुकोजमध्ये तो एका बाजूला, गॅलॅक्टोजमध्ये दुसऱ्या. हा एक गट फिरवायला पेशीला यूडीपीचा आधार लागतो. यूडीपी-ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज-१-फॉस्फेट आपापल्या साखरा बदलतात, मग यूडीपीवर बसलेल्या गॅलॅक्टोजचा चौथा कार्बन दुसरं एन्झाइम उलटवतं आणि पुन्हा यूडीपी-ग्लुकोज तयार होतं. या संपूर्ण मार्गाला आज ‘लेलुआर मार्ग’ म्हणतात. साखरांची अदलाबदल करणाऱ्या एन्झाइमचं काम हर्मन काल्कर यांच्या गटाने उलगडलं, ते श्रेय त्यांचं.

यूडीपी-ग्लुकोज इतकं महत्त्वाचं का? सोप्या भाषेत सांगाल?

बांधकामावर जाऊन बघा. गवंडी स्वतः विटा आणायला खाली उतरत नाही. बिगारी वीट आणून त्याच्या हातात देतो, गवंडी ती बसवतो आणि बिगारी मोकळ्या हाताने पुढची आणायला जातो. ग्लुकोज ही वीट, यूडीपी हा बिगारी आणि साखळी लांबवणारं एन्झाइम हा गवंडी.

तुलना एवढीच पुरे, कारण रसायन याहून एक पाऊल पुढे आहे. ग्लुकोज आणि यूडीपी यांच्यातल्या बंधात ऊर्जा साठवलेली असते, म्हणून ग्लुकोज साखळीला सहज जोडलं जातं. ती ऊर्जा येते यूटीपीतून, म्हणजे तीन फॉस्फेट असलेल्या युरिडिनमधून. ग्लुकोज-१-फॉस्फेट आणि यूटीपी एकत्र येऊन यूडीपी-ग्लुकोज होताना पायरोफॉस्फेट (दोन फॉस्फेटची जोडी) बाहेर पडतं आणि पेशी ते लगेच फोडून टाकते. त्यामुळे ही क्रिया सहसा उलटी फिरत नाही. बांधायचं म्हटलं की बांधलंच जातं.

ग्लायकोजेन तर कोरींनी आधीच नळीत बनवलं होतं. मग लेलुआर यांनी नवीन काय केलं?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला फार आवडतो.

ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या लांब, फांद्या असलेल्या साखळ्यांच्या रूपातला शरीराचा साठा. आपल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून त्याच्या चौपट ग्लायकोजेन असतं. जेवलो की साठतं, उपास केला की यकृतातलं उतरू लागतं. कोरी दांपत्याने फॉस्फोरिलेज हे एन्झाइम शोधलं. ते ग्लायकोजेनमधून एकेक ग्लुकोज फॉस्फेट लावून सोडवतं. त्यांनी हेही दाखवलं की नळीत भरपूर ग्लुकोज-१-फॉस्फेट घातलं तर तेच एन्झाइम उलट चालून ग्लायकोजेन बांधतं. एवढं मोठं रेणूजाळं सजीवाबाहेर बनलेलं जगाने पहिल्यांदा पाहिलं. साहजिकच सगळ्यांनी मानलं की शरीरातही मोडणं आणि बांधणं एकाच एन्झाइमच्या हाती असणार.

पण काही गोष्टी खटकत होत्या. पेशीत मोकळं फॉस्फेट ग्लुकोज-१-फॉस्फेटपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि अशा स्थितीत फॉस्फोरिलेज मोडण्याच्याच दिशेने जाणार. अ‍ॅड्रेनलिन दिल्यावर फॉस्फोरिलेज जागं होतं, पण तेव्हा ग्लायकोजेन वाढत नाही, नेहमी घटतंच.

१९५७ साली लेलुआर आणि कार्दिनी यांनी यकृताच्या अर्कात दाखवलं की यूडीपी-ग्लुकोजमधलं ग्लुकोज सरळ ग्लायकोजेनच्या साखळीला जोडलं जातं आणि हे काम करणारं एन्झाइम निराळंच आहे. त्यालाच आज ग्लायकोजेन सिंथेज म्हणतात.

लवकरच रुग्णांकडूनही साक्ष मिळाली. ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ साली एका विचित्र स्नायूविकाराचं वर्णन केलं होतं : जरा श्रम झाले की स्नायू दुखून आखडतात. १९५९ साली कळलं की अशा रुग्णांच्या स्नायूंत फॉस्फोरिलेजच नसतं. आणि तरीही त्यांचे स्नायू ग्लायकोजेनने भरलेले होते! फॉस्फोरिलेज बांधणारं असतं तर ते भरले कशाने असते?

मोडायची वाट वेगळी आणि बांधायची वाट वेगळी. माझ्या मते लेलुआर यांच्या सगळ्या कामाचा गाभा हा आहे. दोन वाटा वेगळ्या असल्या तरच शरीराला एक बंद करून दुसरी उघडता येते. भीती वाटली, अ‍ॅड्रेनलिन आलं, की फॉस्फोरिलेज चालू आणि सिंथेज बंद. जेवण झालं, इन्सुलिन आलं, की उलट. एकच वाट असती तर गाड्या समोरासमोर अडकल्या असत्या.

म्हणजे कोरी चुकले का?

नाही. फॉस्फोरिलेज त्यांनी जसं वर्णन केलं तसंच आहे आणि आजही तसंच शिकवलं जातं. नळीत जे दिसलं ते खरंच होतं, पेशीतली परिस्थिती नळीपेक्षा निराळी निघाली इतकंच. त्यातही गर्टी कोरींनी ज्या तुटपुंज्या पगारावर आणि दुय्यम हुद्द्यावर वर्षानुवर्षं काम केलं ते आठवलं की ‘चुकल्या’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना मिळालं ते १९४७ साली. त्या १९५७ मध्ये वारल्या, म्हणजे ग्लायकोजेनची दुसरी वाट सापडली त्याच वर्षी.

मग दुधातल्या साखरेचं काय झालं?

पहिला प्रश्न तोच होता ना! त्याचं उत्तर १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांकडून आलं. स्तनग्रंथी यूडीपी-गॅलॅक्टोज घेते, त्यातलं गॅलॅक्टोज ग्लुकोजला जोडते, आणि लॅक्टोज तयार होतं. त्यासाठी दुधातलंच एक प्रथिन, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन, एन्झाइमला मदत करतं. कापुत्तोंच्या प्रश्नापासून निघालेल्या गटाला जे द्रव्य सापडलं, त्याचंच भावंड त्या प्रश्नाचं उत्तर होतं.

ऊस आणि बटाटा यांचा याच्याशी काही संबंध?

सरळ संबंध आहे. लेलुआर आणि कार्दिनी यांनी १९५०च्या दशकात गव्हाच्या अंकुरात पाहिलं की आपली खायची साखर, म्हणजे सुक्रोज, यूडीपी-ग्लुकोजपासून बनते. त्याची दोन एन्झाइम्स सापडली. त्यातलं एक फ्रुक्टोज-६-फॉस्फेटला ग्लुकोज जोडून सुक्रोज-फॉस्फेट करतं, मग फॉस्फेट निघून जातं आणि सुक्रोज उरतं. उसाच्या पानात हेच चालतं. साखर पानात बनते आणि कांड्यात जाऊन साठते. हंगामात कारखान्याच्या काट्यावर ट्रॉल्यांची जी रांग लागते, तिच्यातल्या प्रत्येक मोळीतली साखर यूडीपीच्या हातून गेलेली असते. हे ऐकल्यावर माझ्या वर्गातली मुलं पहिल्यांदा वही उघडतात.

स्टार्चचं थोडं निराळं. बटाटा, तांदूळ, साबुदाणा, सगळं स्टार्चच. यूडीपी-ग्लुकोजपासून स्टार्च बनतो असं आधी दिसलं, पण १९६१ साली लेलुआर यांच्या गटाला आढळलं की एडीपी-ग्लुकोज (यूडीपीऐवजी एटीपीच्या घराण्यातल्या एडीपीवर बसलेलं ग्लुकोज) दिलं तर काम कितीतरी वेगाने होतं. वनस्पती स्टार्चसाठी एडीपी वापरते, प्राणी ग्लायकोजेनसाठी यूडीपी. बिगारी बदलला, पद्धत तीच.

रक्तगटाशीही संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

हो, आणि त्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. तांबड्या पेशींवर साखरांच्या छोट्या साखळ्या असतात. ए गटाच्या माणसात टोकाला एक साखर बसते, बी गटात दुसरी, आणि दोन्ही यूडीपीच आणून देतो. ओ गटात यांपैकी कुठलीच बसत नाही, फक्त त्याखालचा ‘एच’ पाया असतो. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत असे लोक शोधले की ज्यांच्यात हा पायाच नव्हता. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. एच पाया घालायला फ्यूकोज नावाची साखर लागते, ती जीडीपी-फ्यूकोजवरून येते (जीडीपी हा यूडीपीसारखाच आणखी एक वाहक), आणि बॉम्बे गटाच्या माणसात ती बसवणारं एन्झाइम चालत नाही. या लोकांना ओ गटाचं रक्तही देता येत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. ब्वेनोस आइरेसला सापडलेल्या पद्धतीचा अर्थ मुंबईच्या रक्तपेढीत असा कळतो.

बाळाला आईचं दूध बंद करायला सांगितलं आहे. गॅलॅक्टोसेमिया म्हणजे काय?

हा प्रश्न पालकांचा असतो आणि तो विचारताना आवाज कापत असतो. म्हणून आधी हे : निर्णय तुमच्या बालरोगतज्ज्ञांचाच माना, मी फक्त कारण समजावू शकते.

लेलुआर मार्गावरचं साखरांची अदलाबदल करणारं एन्झाइम जन्मतः काम करत नसेल, तर गॅलॅक्टोज-१-फॉस्फेट पुढे सरकत नाही आणि पेशीत साचतं. आजाराचं हे कारण काल्कर आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली दाखवलं. बाळ जन्मतः बरं दिसतं. दूध सुरू झाल्यावर काही दिवसांत उलट्या, कावीळ, वाढलेलं यकृत, सुस्ती अशी लक्षणं येतात, जंतुसंसर्गही गंभीर होऊ शकतो. साचलेल्या गॅलॅक्टोजपासून डोळ्याच्या भिंगात एक वेगळं द्रव्य तयार होतं आणि मोतीबिंदू होतो. दूध थांबवलं की जिवावरचा धोका टळतो, म्हणून वेळ गमावायची नसते. आईचं दूधही चालत नाही, कारण त्यातही लॅक्टोज असतंच. सोयापासून केलेलं बाळाचं दूध देतात. पुढे काही मुलांत बोलण्याच्या किंवा शिकण्याच्या अडचणी राहू शकतात, तेव्हा तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

आयांना मी आवर्जून सांगते : यात तुमच्या दुधाचा किंवा गरोदरपणातल्या खाण्याचा काही दोष नाही. हा आजार आई आणि वडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो.

आणखी एक शंका नेहमी येते. गॅलॅक्टोज पूर्ण बंद केलं तर मेंदूला लागणारं कुठून मिळेल? शरीर ते स्वतः बनवतं. यूडीपी-ग्लुकोजचा चौथा कार्बन उलटवणारं एन्झाइम शाबूत असतं, त्यामुळे यूडीपी-गॅलॅक्टोज घरातच तयार होतं.

दूध पचत नाही तो आजार हाच का?

नाही. मोठेपणी दूध प्यायल्यावर पोट फुगतं, जुलाब होतात, ते आतड्यात लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज कमी पडल्यामुळे. त्रास होतो, जिवाला धोका नसतो, आणि दह्या-ताकाने अनेकांचं भागतं. गॅलॅक्टोसेमिया फार दुर्मिळ आहे आणि त्यात दही-ताकही चालत नाही.

नवजात बाळाची साधी कावीळ?

तिचा संबंध या आजाराशी नाही, पण शर्करा-न्यूक्लिओटाइडशी जरूर आहे. यकृत बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य बाहेर टाकताना त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल (ग्लुकोजपासून बनणारं आम्ल) जोडतं, आणि ते आणून देतो यूडीपीच. नव्या बाळाचं हे एन्झाइम अजून पुरतं तयार नसतं, म्हणून कधी कधी निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं. पॅरासिटामॉलचा मोठा भागही शरीर याच वाटेने निकामी करतं.

नोबेल एकट्याला कसं? सहकाऱ्यांचं काय?

रसायनशास्त्राचं १९७० चं नोबेल एकट्या लेलुआर यांच्या नावावर आहे. ते स्वतः मात्र कायम ‘आम्ही’ म्हणत राहिले, आणि पुरस्काराचे पैसे त्यांनी संस्थेला दिले. तरीही कापुत्तो, कार्दिनी, पालादिनी, त्रुको ही नावं पाठ्यपुस्तकात यावीत असं मला मनापासून वाटतं. मी फळ्यावर ती लिहिते आणि परीक्षेत विचारत नाही.

परदेशातून बोलावणी आली असतील. ते गेले का नाहीत?

१९५६ च्या सुमारास कॅम्पोमार वारले आणि संस्थेचा आधार गेला. त्या वेळी जाणं सोपं होतं. लेलुआर यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे निधीसाठी अर्ज केला, तो मिळाला आणि काम ब्वेनोस आइरेसमध्येच चालू राहिलं. १९५८ साली सरकारने बेलग्रानो भागातली एक जुनी मोठी इमारत दिली. त्याच साली उसाय यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय संशोधन परिषदही उभी राहिली.

साल्सा गोल्फ त्यांनीच शोधला का?

अर्जेंटिनात तसंच सांगतात. १९२०च्या दशकात मार देल प्लाताच्या गोल्फ क्लबवर कोळंबीबरोबर खायला त्यांनी मेयोनीज आणि केचप एकत्र केलं. तो सॉस आजही तिथल्या प्रत्येक दुकानात मिळतो.

हा भाग अभ्यासताना विद्यार्थी कुठे अडतात?

बहुतेक जण ग्लायकोजेन बनण्याचा आणि मोडण्याचा बाण एकाच रेषेवर, दोन्ही टोकांना टोक काढून दाखवतात. तसं काढू नका. दोन वेगळ्या रेषा काढा, दोन वेगळ्या रंगांत, आणि प्रत्येकीवर एन्झाइमचं नाव लिहा. दुसरी चूक म्हणजे यूटीपीचा खर्च विसरणं. वहीत प्रत्येक ग्लुकोजमागे किती फॉस्फेट बंध खर्ची पडले ते मांडा. एकदा हिशोब स्वतःच्या हाताने केला की तो डोक्यातून जात नाही.

नोबेलनंतर त्यांनी काय केलं?

काम. १९७०च्या सुमारास त्यांचा गट डोलिकॉल नावाच्या लांब, तेलकट रेणूकडे वळला होता. प्रथिनांना साखरेच्या साखळ्या जोडण्याआधी पेशी त्या या रेणूवर रचते. पाण्यात यूडीपी, पेशीच्या पटलात डोलिकॉल : वाहून नेणाऱ्यांची आणखी एक जात सापडली. १९८३ मध्ये संस्था पार्के सेन्तेनारियोजवळच्या नव्या इमारतीत गेली. वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत लेलुआर प्रयोगशाळेत येत राहिले. २ डिसेंबर १९८७ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. संस्था आज त्यांच्याच नावाने चालू आहे.